अबादान, जरा डाव्या हाताला

टेलिव्हिजनच्या धंद्यात दहा-बारा वर्षं काढून एकदाही टेलिव्हिजन न पाहिलेला माणूस मला आयुष्यात एकच भेटला. आमच्या कुवेतच्या दुकानात ते एरियल बसवायचं काम करत. दुकानात सहा-सात सेट ओळीने मांडलेले असायचे, संध्याकाळ झाली की रस्त्यावरचे लोक काचेला नाक लावून उभे राहायचे, आणि हे गृहस्थ लोकांकडे तोंड आणि सेटकडे पाठ करून स्टुलावर बसलेले असायचे. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, हलवायाला मिठाईचा कंटाळा येतो तसलं काहीतरी असेल. पण हलवाई निदान एकदा तरी चाखून बघतो. यांनी तेही केलं नव्हतं.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले कोकणी मुसलमान. मिसरूड फुटायच्या आधीपासून गलबतावर खलाशी. जाताना कौलं आणि लाकूड, येताना बसऱ्याचा खजूर, अशा त्यांच्या कितीतरी फेऱ्या झालेल्या. गलबतांचे दिवस संपत आले तेव्हा एका फेरीला ते कुवेतला उतरले ते उतरलेच. आमचे मालक त्यांना बंदरावरच्या दिवसांपासून ओळखत. मालकांना आम्ही अरबाब म्हणायचो, तिकडे धन्याला सगळेच म्हणतात. डोलकाठीवर चढणारा माणूस गच्चीवरच्या खांबावर चढेलच, असा विचार करून अरबाबांनी मिस्त्रींना दुकानात घेतलं, आणि तो बरोबर ठरला.

मी पुण्याचा. एका रेडिओच्या दुकानात चार वर्षं काढली होती, तेवढ्या भांडवलावर मी इथे सेल्समन, कारकून आणि वेळ पडली तर हमाल असा सर्व काही होतो. मिस्त्री मला नावाने हाक मारत नसत, ‘पुनेकर’ म्हणत. त्यात माझं गाव सांगण्यापेक्षा माझी कीव करण्याचा भाग जास्त असे.

आता सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण मी गेलो तेव्हा कुवेतमध्ये टेलिव्हिजनचे सेट होते आणि टेलिव्हिजनचं सांगण्यासारखं केंद्र नव्हतं. जे दिसायचं ते शेजाऱ्यांचं. उत्तरेला, आखाताच्या टोकाशी, इराणचं अबादान. तिथलं केंद्र फारसीत. दक्षिणेला लांब, धहरानला एका तेलकंपनीचं; ते अरबीत आणि इंग्रजीत. आम्ही म्हणजे शेजारच्या स्वयंपाकाच्या वासावर जेवणारी मंडळी. साठ सालानंतर लवकरच आमचं स्वतःचं केंद्र निघालं आणि ते घरोघर लख्ख दिसायला लागलं, पण लोकांची शेजारची चटक सुटली नाही. मिस्त्रींना तर घरच्या केंद्राविषयी काडीचा आदर नव्हता. “त्याच्यात काय हाय? खिल्याला वायर बांदली तरी येल तां. मिस्त्री कशाला पायजे?” असं ते भर दुकानात गिऱ्हाइकासमोर बोलत. अरबाबांना मराठी येत नसे हे आमचं नशीब.

शेजारचं केंद्र दिसणं न दिसणं हे वाऱ्यावर होतं. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं, मिस्त्रींनी शिकवलं. वाळवंटाकडून शमाल वाहायला लागला, हवा कोरडी ठणठणीत झाली, धूळ उडाली, की अबादान गडप. आखातावरून दमट, चिकट कोस यायला लागला, अंगाला सदरा चिकटला, की अबादान तर दिसायचंच, धहरानही पाहुण्यासारखं येऊन जायचं. बाकीचं कुवेत कोस आला की उकाड्याने हैराण होई. आमच्या दुकानात पेढे वाटायची वेळ येई. कारण अरबाबांची पद्धत अशी की गिऱ्हाइकाच्या घरी सेट नेऊन लावायचा, चित्र दाखवायचं, पसंत पडलं तर ठेवायचा. शमालच्या दिवशी सेट नेला तर तो तसाच परत यायचा.

म्हणून रोज सकाळी दुकान उघडलं की मिस्त्री दारात उभे राहत, डोळे मिटत आणि खालच्या ओठावरून जीभ फिरवत. मागे अरबाब आणि मी गप्प उभे. ओठाला मीठ लागलं तर कोस, धूळ लागली तर शमाल. मग निकाल यायचा. “आज अबादान सुखात येल. धहरान पन येल, पन रडत येल.” अरबाब अर्धीमुर्धी हिंदी बोलत, मुंबईत तरुणपणी शिकलेली. ते विचारायचे, “पक्का?” मिस्त्री म्हणायचे, “अरबाब, दर्या कबी झूट बोला?” आणि त्यावर आमचा दिवस ठरायचा. त्यांचा अंदाज चुकलेला मी फार कमी वेळा पाहिला. चुकला की दिवसभर जेवायचे नाहीत.

गच्चीवर चढले की पँट काढून घडी घालून कठड्यावर ठेवायची आणि आतली लुंगी वर खोचायची, हा पहिला नियम. पँट घालून चढणारा माणूस पडतो, असं त्यांचं मत होतं. कंपनीकडून येणारे लोखंडी ताण आणि पट्ट्या ते बाजूला ठेवत आणि पिशवीतून काथ्याचा दोर काढत. दर रजेला गावाहून दोराची वेटोळी आणत. वाळूतल्या जहऱ्यापासून मीना अल-अहमदीच्या तेलबंदरापर्यंत जिथे जिथे काथ्याने बांधलेलं एरियल दिसे तिथे मिस्त्री येऊन गेले हे कळे. एका वादळानंतर शुऐबाच्या बाजूला एका इंजिनियरच्या घराचा कठडा पडला, एरियल उभं होतं.

दिशा धरायची त्यांची रीतही त्यांचीच. होकायंत्र वापरत नसत. गच्चीवर गेले की प्रथम किबला, म्हणजे मक्केची दिशा, ठरवत, वेळ झाली असेल तर नमाज पढून घेत, आणि मग मला समजावत, “किबल्याकडं पाठ करायची. मग जरा डाव्या हाताला. तां अबादान.” मी एकदा नकाशावर पट्टी ठेवून तपासलं. चूक काढायच्याच उद्देशाने तपासलं होतं. निघाली नाही.

या कामाला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा खांब फिरवतो, खालचा सेटसमोर बसून ओरडतो. खालचा म्हणजे मी. चित्रावर पांढरे ठिपके नाचत त्याला आम्ही वाळू म्हणायचो. एकाची दोन माणसं दिसली की जुळे. मिस्त्री वरून विचारत, “किती वालू?” आणि मी सांगायचं. वरच्याला काही दिसत नसतं, त्याने खालच्याच्या जिभेवर चालायचं.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी एकदा दगा दिला. एका शेखच्या घरी भर दुपारी चार वाजता आम्ही तासभर झटत होतो, पंखा बंद होता, आणि माझा जीव चहात अडकला होता. मी ओरडलो, “झकास! बांधा!” मिस्त्रींनी बांधलं, खाली आले. सेटकडे पाहायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी घरातल्या म्हातारीला विचारलं, “कितनी वालू, अम्मा?” म्हातारी म्हणाली, “पूरा जहरा!” मिस्त्रींनी लुंगी पुन्हा वर खोचली. परत वर गेले, पाऊण तास खपले, नीट लावून आले. रस्त्यात फक्त एवढं म्हणाले, “खालचा खोटा बोलला तर वरचा आंधला.” मग आठ दिवस माझ्याशी बोलणं बंद. दुकानात मी समोर उभा असताना ते भिंतीला सांगायचे, “पुनेकराला बोलवा.” त्यानंतर मात्र मी कधी खोटी वाळू सांगितली नाही.

माझं लग्न झालं, बायकोला घेऊन आलो, आणि घरातलं माझं वजन संपलं. ती चिपळूणकडची. पहिल्याच दिवशी मिस्त्री एरियल लावायला घरी आले आणि दोघांची तारच जुळली. मी एका कोपऱ्यात पडलो. ती त्यांना चाचा म्हणे, ते तिला बाय म्हणत. तिने माहेरून आणलेल्या कुळथाचं पिठलं केलं की एक वाटी चाचांची. माझ्या वाटणीचं कधी कधी त्यांनाच जायचं.

टेलिव्हिजनचं आमच्या घरातलं पाहणं म्हणजे काय, तर फारसी कळत नाही, अरबी जेमतेम, इंग्रजी माझं बरं आणि तिचं शाळेपुरतं. ती तिन्ही केंद्रं सारख्याच आवडीने बघायची. म्हणायची, “बोलतात काय ते नाही कळलं तर काय बिघडलं? रागावलाय का हसतोय ते कळतंय ना?”

तिनेच एकदा मला विचारलं, “चाचा गुरुवारीच का येतात हो एरियल तपासायला?”

मी म्हटलं, “कामाचा दिवस असेल.”

“आणि आल्यावर आवाज मोठा कर, मोठा कर म्हणून का ओरडतात? त्यांना चित्र लावायचंय ना?”

मला धंद्यातलं सगळं कळतं असा माझा समज होता. मी तिला सांगितलं की आवाजावरून चित्राचा अंदाज येतो, ही एक पद्धत आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याही लक्षात यायला लागलं. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळच्या मगरीब नमाजानंतर मिस्त्रींना कुठल्या ना कुठल्या गच्चीवर हटकून काम निघायचं. खालच्यांना ओरडून आवाज वाढवायला लावायचे, आणि मग पंधरा-वीस मिनिटं खांबाला हातही न लावता वर नुसते उकिडवे बसून राहायचे. त्या वेळी अबादानवर गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असे. पाच-सात जणांचा ताफा, आणि त्यात एक बुलबुल तरंग, आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात तो.

मी विचारलं असतं तर त्यांनी मला उडवून लावलं असतं. बायकोने पिठलं वाढता वाढता विचारलं, आणि सांगून टाकलं त्यांनी.

“बेंजो वाजवतो तो माजा झील हाय, बाय.”

एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेलेली. मिस्त्रींनी त्याला अबादानच्या तेलशुद्धीच्या कारखान्यात चिकटवून दिलं होतं. त्यासाठी तीन वर्षं एका साहेबाच्या बंगल्यावर ताजे मासे पोचवले होते. पक्की नोकरी, कंपनीची खोली. आणि पोराने दोन वर्षांत नोकरीवर लाथ मारून एका हॉटेलात बेंजो वाजवायला सुरुवात केली. मिस्त्री ताबडतोब अबादानला गेले, हॉटेलाच्या दारात उभं राहून भांडले, आणि चार लोकांसमोर बोलून बसले की पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. पुढे तो ताफा टेलिव्हिजनवर गेला. मिस्त्री टेलिव्हिजनच्या दुकानात होतेच.

“बोललो तां बोललो,” ते म्हणाले. “तोंड बगनार नाय म्हनजे नाय.”

बायको म्हणाली, “पण ऐकणार नाही असं बोलला होतात का?”

“तां नाय बोललो,” मिस्त्री म्हणाले, आणि पिठलं आणखी घेतलं.

म्हणजे सगळ्या कुवेतच्या गच्च्यांवरून अबादानकडे बोट दाखवणारा हा माणूस स्वतः तिकडे पाठ करून बसायचा, आणि घरोघर लख्ख दिसणारा त्याचा मुलगा त्याला एकट्याला दिसत नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. मी म्हटलं, “मिस्त्री, हा हट्ट आहे.” ते म्हणाले, “हट्ट नसता तर मी खलाशी कशाला झालो असतो?” याला पुण्यात उत्तर नाही.

सुरिनाम नावाचा देश जगात आहे हे मला मिस्त्रींच्या मुलामुळे कळलं. एके दिवशी दुकानाच्या पत्त्यावर त्याचं पत्र आलं. मिस्त्रींना वाचता येत नव्हतं, पण पत्र वाचून घेण्यात तोंड दिसत नाही, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि पत्र घेऊन ते आमच्या घरी आले. बायकोने वाचलं. मुलाने लिहिलं होतं की दक्षिण अमेरिकेत समुद्रकाठी एक छोटा मुलूख आहे, डच लोकांच्या ताब्यातला. फार पूर्वी आपल्याकडचे मजूर बोटीत घालून तिथे नेले, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून आपली गाणी गातात. तिथे आता टेलिव्हिजन निघतो आहे, त्यांना हिंदुस्थानी वाजवणारी माणसं हवी आहेत. बोटीवरच्या एका ओळखीच्या माणसामार्फत बोलावणं आलं आहे आणि आपण जाणार. पुढच्या महिन्यातली पहिली जुम्मेरात ही अबादानला शेवटची. दोन दिवसांनी बोट.

मिस्त्रींनी तिच्या हातून पत्र घेऊन खिशात घातलं. मग म्हणाले, “पुनेकर, नकाशा काडा.”

त्या दिवसापासून ते सुरिनामच्या टेलिव्हिजनचे अभ्यासक झाले, आणि मुलगा गेल्यावरही चार-सहा महिन्यांनी पत्र आलं की अभ्यास पुढे सरकायचा. बायको पत्र वाचायची, मी ॲटलास धरायचा, आणि मिस्त्री मत द्यायचे. मुलगा लिही की इथे एकच केंद्र आहे, संध्याकाळचे थोडेच तास चालतं, बातम्या डचमध्ये, कधी आपल्या लोकांसाठी कार्यक्रम, कधी जावाकडून आलेल्या लोकांसाठी. “एकच ठेसन?” मिस्त्री म्हणत. “तां तर लगीन झाला. बगा नायतर झोपा.” मग शेजाऱ्यांची चौकशी. पश्चिमेला इंग्रजांचा मुलूख, तिथे टेलिव्हिजनच नाही. पूर्वेला फ्रेंचांचा, तिथेही अजून पत्ता नाही. दक्षिणेला नुसतं जंगल. मिस्त्रींना फार दया आली. शेजारचं काही दिसत नसेल तर माणसांनी टेलिव्हिजन घ्यावा कशाला हे त्यांना समजेना. मी म्हटलं, “स्वतःचं बघायला.” ते म्हणाले, “स्वतःचा काय, आरशात पन दिसतो.”

सगळ्यात मोठा धक्का वाऱ्याचा बसला. मुलाने लिहिलं होतं की समुद्रावरून बारा महिने एकाच बाजूने वारा येतो. मिस्त्रींनी ते वाक्य बायकोकडून दोनदा वाचून घेतलं. “बारा म्हयने एकच वारा? मग तिथला मिस्त्री करतो काय?” आणि थोड्या वेळाने, “नाय, पन पोराला बरा. सर्दीचा कोठा हाय त्याचा.”

दुकानात कुणी त्या देशाचं नाव ऐकलेलं नव्हतं, तेव्हा मिस्त्रींचा शब्द अखेरचा. अहमदीहून आलेल्या एका गोऱ्या साहेबाला त्यांनी एकदा माझ्यामार्फत सांगितलं की सुरिनामात शहराबाहेर चित्र पोचत नाही, कारण जंगल ओलं असतं; आणि तिथल्या गाण्यात एक लांब लोखंडी कांब वाजवतात, तिला धंताल म्हणतात. साहेब सेट घ्यायला आला होता. तो घेऊन गेला, पण जाताना माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत गेला.

एवढं सगळं समजून घेतल्यावर मिस्त्रींनी मला दिशा विचारली. मी पट्टी ठेवून सांगितलं की किबल्याकडे तोंड केलं तर जरा उजव्या हाताला. तिथलं केंद्र कुठल्याही वाऱ्यावर इथे दिसणार नाही हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी पुढे जितकी वर्षं ते कुवेतला होते तितकी वर्षं नमाजाच्या शेवटी सलाम फिरवताना उजव्या खांद्याकडे त्यांची मान जरा जास्त वेळ थांबायची. मी पाहिलं आहे. आणखी कुणाच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते त्या शेवटच्या जुम्मेरातीविषयी.

पत्र आल्यापासून बायकोने माझ्यामागे टुमणं लावलं होतं. “मुलगा जगाच्या टोकाला चाललाय. परत भेट होईल न होईल. एकदा तरी बघायला नको का चाचांनी?” मी म्हटलं, शब्द दिलेला माणूस आहे. ती म्हणाली, “शब्द मोडा असं कोण म्हणतंय? काम म्हणून बघू दे.” मला समजलं नाही. तिने समजावलं. खालच्या माणसाला सेटकडे बघावंच लागतं. त्या दिवशी तुम्ही वर जायचं आणि चाचांना खाली बसवायचं. मला उंचीची भीती वाटते, स्टुलावर चढून बल्ब बदलताना माझे पाय लटपटतात, याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, “मग धरून उभे राहा.”

आणि मग शमाल सुटला. तीन दिवस डोळे उघडू देईना. जुम्मेरातीला सकाळी मिस्त्री दुकानाच्या दारात उभे राहिले आणि नेहमीसारखी ओठावरून जीभ फिरवली. मग परत फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली. अरबाबांनी विचारलं, “आज अबादान?” मिस्त्री म्हणाले, “आज कुछ नहीं, अरबाब.” त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मीही उघडला नाही. दुपारी तीनपर्यंत धूळ तशीच होती. चारला दुकानासमोरचं फडफडणारं कापड हळूहळू लोंबायला लागलं. साडेचारला माझा सदरा पाठीला चिकटला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते आधीच पिशवीत दोर भरत होते.

मगरीब झाल्यावर ते आमच्या घरी आले आणि सरळ जिन्याकडे निघाले. मी वाटेत उभा राहिलो आणि म्हटलं, “आज मी वर जातो. तुमचा गुडघा दुखतोय.”

“कुनी सांगितला गुडगा दुकतो?”

“मी सांगते,” बायको आतून म्हणाली. “मी सांगतो,” मीही म्हणालो.

“तुमना गाठ मारता येत नाय, पुनेकर.”

“गाठ तुम्ही नंतर मारा. मी नुसता फिरवतो.”

“आनि खाली कोन बसनार?”

बायको बाहेर आली. “तुम्ही बसा, चाचा. मला वाळू-जुळे काही कळत नाही. खाली खरं सांगणारं माणूस पाहिजे ना?”

मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना सगळं समजलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिने खुर्ची आधीच सेटसमोर मांडून ठेवली होती. ती मान खाली घालून स्टोव्हला पंप मारायला गेली. मिस्त्री खुर्चीपाशी गेले, जरा थांबले आणि म्हणाले, “कामच हाय तां. खालच्यानं बगायलाच पायजे.” मग बसले.

मी वर गेलो. कसा गेलो ते विचारू नका. गच्चीवर दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली, किबल्याकडे पाठ केली, जरा डाव्या हाताला वळलो आणि जिन्याच्या तोंडाशी आवाज जाईल असा ओरडलो, “आला का?”

खालून आवाज आला, “नाय.”

मी बोटभर फिरवलं. “आता?”

“नाय.”

पण बेंजो मला वरपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. आवाज इतका येतो आणि चित्र येत नाही म्हणजे मीच कुठेतरी चुकतो आहे असं वाटून मी घाबराघुबरा झालो. पोरगा तिकडे शेवटचं वाजवतोय आणि माझ्या नालायकपणामुळे बापाला दिसत नाही! मी खांब जोरात फिरवायला घेतला.

“हलू नका!” मिस्त्री खालून एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या गच्चीवरचे लोक वळून बघायला लागले. “हलू नका, पुनेकर! नाय आला. पन हलू नका!”

मी तसाच उभा राहिलो. आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि मी खांबाची मिठी आणखी घट्ट केली. लांब अहमदीच्या बाजूला तेलाच्या ज्वाळा दिसत होत्या. माझे हात भरून आले, खांदे दुखायला लागले, घाम डोळ्यांत गेला, पण मी तो खांब केसभरही हलू दिला नाही. मधून मधून मी विचारायचो, “आला का, मिस्त्री?” कारण विचारलं नसतं तर बरं दिसलं नसतं. आणि दर वेळी खालून उत्तर यायचं, “नाय. अजून नाय.” शेवटी शेवटी त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. मग बेंजो थांबला, टाळ्या झाल्या, कुणीतरी फारसीत काहीतरी बोललं, आणि मी ओरडणं बंद केलं.

बायकोने मला नंतर सांगितलं. पहिल्याच झटक्याला चित्र आलं होतं, एक कण वाळू नाही. मुलगा पहिल्या ओळीत, काळा कोट घालून. ती आनंदाने काही बोलणार तर चाचांनी सेटवरची नजर न काढता हात वर करून तिला थांबवलं होतं.

मिस्त्री वर आले, माझ्या हातातून खांब घेतला आणि काथ्याने दोन गाठी मारल्या. गाठीकडे बघतच म्हणाले, “तुमच्या हाताला गुन नाय, पुनेकर. यवडा कोस असून नाय आनता आला अबादान.”

मी म्हटलं, “नाही आणता आला, मिस्त्री.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. शनिवारी सकाळी अरबाबांनी सगळ्यांदेखत चौकशी केली, की त्या संध्याकाळी साऱ्या गावात अबादान दिसलं, आमच्याच मिस्त्रीला दिसलं नाही म्हणतात, हे काय? मिस्त्री रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. म्हणाले, “मैं नीचे था, अरबाब. पूनावाला ऊपर था.”

अरबाब माझ्याकडे वळले. बाकीची मंडळी हसायला तयारच होती.

“हां अरबाब,” मी म्हणालो, “गलती मेरी थी.” आयुष्यात इतक्या अभिमानाने मी दुसरी कुठलीच चूक कबूल केलेली नाही.